खाण्यापिण्यासाठी जगभर, तेही दोघांनी: तुम्ही कसं जमवता?

सामानसुमान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसत्या गप्पा चालल्या होत्या, आता दोघांनीही लांब रजा पदरात पाडून घेतली आहे. संग्रहालयं, किल्ले, समुद्रकिनारे वाटेत आले तर बघू, पण निघायचं ते खायला आणि प्यायला. सध्याची यादी: जॉर्जिया, इटलीतला बोलोन्या-मोडेनाचा पट्टा, स्पेनमधलं सान सेबास्तियान, स्कॉटलंड, इथिओपिया, जपान, व्हिएतनाम, पेरू आणि मेक्सिकोतलं ओआहाका.

अडचण अशी की मी सगळं खाते, पण दारूला हात लावत नाही. नवरा शाकाहारी, अंडंही चालत नाही, पण वाइन आणि व्हिस्की हे त्याचे जिव्हाळ्याचे विषय. म्हणजे ताटातही आमचं जमत नाही आणि पेल्यातही नाही. प्रत्येकाने आपापलंच खायचं-प्यायचं असेल तर बरोबर जायचं कशाला, यावरून घरात रोज संध्याकाळी वाजतंय.

जोडीने असा खादाड प्रवास केलेल्यांनी सांगा. यादी लांब झाली आहे का? नावाजलेल्या रेस्टॉरंटांची आरक्षणं आधीच करून ठेवावीत का? आणि न पिणाऱ्या माणसाने दारूच्या गावात नेमकं करायचं काय?

तिरकसराव

यादी वाचूनच ॲसिडिटी झाली. वाचतोय.

निवांत

यादी लांब आहे. निम्मी करा, मग वाटलं तर त्याच्याही निम्मी. माणसाला दिवसात खरी भूक दोनदाच लागते, तिसरी ओढूनताणून आणावी लागते. त्यातलं एक जेवण प्रवासाच्या दिवशी स्टेशनवरच्या सँडविचवर जातं, एक थकव्यात जातं. म्हणून देशांऐवजी जेवणं मोजा. नऊ देश धावत केले तर प्रत्येक ठिकाणचं एकेक प्रसिद्ध जेवण पदरात पडेल, आणि प्रसिद्ध जेवण हे त्या गावातलं सर्वात चांगलं जेवण असेलच असं नाही.

सान सेबास्तियान मात्र ठेवा. दोघांनी खायला त्याच्याइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. जुन्या गावात गल्लोगल्ली पिंचो बार आहेत. टेबलावर ठाण मांडून बसायचं नाही. एका बारमध्ये शिरायचं, उभ्याउभ्या एखादा घास खायचा, एक छोटा पेला घ्यायचा आणि पुढच्या बारची वाट धरायची. प्रत्येक बारची एकदोन पदार्थांत ख्याती असते, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. काउंटरवर मांडून ठेवलेल्यापेक्षा फळ्यावर लिहिलेलं मागवा, ते गरम करून देतात. तुम्ही हिल्दा घ्या: ऑलिव्ह, लोणच्यातली मिरची आणि अँचोवी मासा एका काडीवर, एका घासात. सोबत 'हे' चाकोली पितील, हातभर उंचीवरून ओततात ती किंचित फसफसणारी पांढरी वाइन. त्यांच्या खाण्यासाठी गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, तेलात परतून वर जाडं मीठ. मशरूमची बशीही मिळेल, पण तिच्या मधोमध बरेचदा कच्चा बलक सोडतात, तो नको म्हणून आधीच सांगा.

एकेका घासाचंच जेवण असल्यामुळे "तू काय घेतलंस, मी काय घेतलं" हा वाद उभाच राहत नाही. तासाभरात पाच ठिकाणी पाच वेळा एकत्र.

घारी

निवांत यांना +१. फक्त आम्ही गेलो तेव्हा जवळच्या आस्तिगारागाला सायडरगृहांचा, म्हणजे सफरचंदाची दारू देणाऱ्या खाणावळींचा, हंगाम चालू होता, जानेवारी ते एप्रिल. कुणीतरी बास्क भाषेत "चोच!" (txotx) असं ओरडलं की सगळे जेवण सोडून पिंपांकडे धावतात. पिंपाची तोटी उघडते, बारीक धार लांबून येते, ती आपापल्या पेल्यात झेलायची, दोन बोटं भरली की बाजूला व्हायचं. मागचा लगेच पेला पुढे करतो, धार तुटू द्यायची नाही. गंमत आहे, पण जेवण ठरलेलं: कॉड मासा घातलेलं ऑम्लेट, मिरच्यांबरोबर कॉड, मग गाईच्या मांसाचा जाडजूड तुकडा, शेवटी चीज, क्विन्स या फळाची वडी आणि अक्रोड. तुमच्या यजमानांच्या वाट्याला अक्रोडच येतील, तेही स्वतः फोडायचे.

पाणक्या

बोलोन्याबद्दल स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अंडंही न खाणाऱ्याला तिथे नेणं म्हणजे छळ आहे. तिथला ताजा पास्ता मैदा आणि अंड्यांचा. तोर्तेलिनीत डुकराचं मांस. भाजीचा म्हणून मागवलेल्या पदार्थावरही पार्मिजानो किसून येतं, आणि पार्मिजानो रेजानो हे नियमानेच वासराच्या जठरातलं रेनेट घालून विरजतात. शाकाहारी पार्मिजानो अशी चीजच नसते. काटेकोर शाकाहारी असाल तर पानात उरतं काय?

त्याऐवजी इटलीच्या टाचेकडे जा, पुल्याला. तिथला पास्ता रव्याचा आणि पाण्याचा, अंड्याशिवाय. बारीच्या जुन्या गावात बायका दाराबाहेर टेबल मांडून ओरेक्येत्ते वळतात. पिठाची लांब वळी, सुरीने तुकडा कापायचा, तीच सुरी तुकड्यावरून ओढायची आणि मग अंगठ्यावर उलटा करायचा. हे सगळं एका हालचालीत, गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता. वालाच्या जातीच्या शेंगांमधले सुके दाणे शिजवून घोटतात आणि वर कडवट चिकोरीचा पाला, गरिबाघरचं खाणं, अप्रतिम. एकच सावधगिरी: ओरेक्येत्ते 'रापी'च्या, म्हणजे सलगमाच्या, पाल्याबरोबर मागवलं तर त्यात अँचोवी विरघळवलेली असते, दिसत नाही. वाटेत नेपल्सला उतरून मारिनारा पिझ्झा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज मुळातच नाही, त्यामुळे "चीजशिवाय द्या" म्हणून कुणाचं तोंड वाकडं करायला नको.

निवांत

पाणक्या, बाकी मान्य, पण मोडेना पूर्ण कापू नका हो. पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर तिथलंच. ते ना मांसाहारी, ना दारू, दोघांनी एकाच चमच्याने चाखण्यासारखं. शिजवून आटवलेला द्राक्षरस, बाकी काही नाही. माळ्यावर, अगदी छपराखाली, मोठ्यापासून लहानापर्यंत लाकडी पिंपांची ओळ असते. उन्हाळ्यात छप्पर तापतं, रस आटतो, हिवाळ्यात निवतो. दर वर्षी सर्वात लहान पिंपातून थोडंसं काढायचं, त्याच्या शेजारच्या मोठ्यातून ती तूट भरायची, असं करत करत शेवटच्या मोठ्या पिंपात नवा रस ओतायचा. कमीत कमी १२ वर्षं, आणि 'एक्स्त्रावेक्यो' म्हणवून घ्यायला २५. विक्रीला १०० मिलिलिटरची एकाच ठरलेल्या घाटाची बाटली. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची ओळ लावायची जुनी रीत आहे.

आम्हाला ज्या घरात दाखवलं तिथल्या बाईंनी आधी १२ वर्षांचं दिलं, मग २५ चं. दुसरं चमच्यातून लवकर खालीच येईना. आंबट आधी लागतं, गोड नंतर, आणि नंतर कितीतरी वेळ जिभेवर लाकडाचा वास. दुकानात सगळीकडे मिळतं ते वेगळं, त्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं. ते सॅलडवर ठीक.

सामानसुमान

पाणक्या, धन्यवाद, रेनेटचं आम्हाला माहीतच नव्हतं. नवऱ्याने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. 😄 पुल्या पक्कं. मोडेना एक दिवस.

मृगजळ

हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असं म्हटलं तर चालेल का? व्हिनेगर चाखायला विमानाने जायचं!

घारी

चालेल की, पण रात्रीच्या जेवणाच्या किमतीवरून हिशेब मांडत असाल तर फसाल. स्पेनमध्ये दुपारी 'मेनू देल दिया' मिळतं: दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी, बहुतेक ठिकाणी पेयही त्याच किमतीत. फ्रान्समध्येही दुपारचं ठरावीक जेवण त्याच स्वयंपाकघरातल्या रात्रीच्या जेवणापेक्षा खूप स्वस्त पडतं, आणि जेवणाबरोबर साध्या पाण्याची सुरई मागितली तर ती फुकट द्यावीच लागते. आम्ही मुख्य जेवण कायम दुपारी करतो. रात्री बाजारातून आणलेला पाव, टोमॅटो, फळं. दोघांच्या प्रवासात पैशापेक्षा चिडचिड जास्त वाचते, कारण रात्री नऊला उपाशीपोटी अनोळखी गल्लीत हॉटेल शोधणं हे लग्नाला बरं नाही.

बिलातल्या बारीकसारीक ओळींवरून मात्र भांडू नका. इटलीत 'कोपेर्तो' म्हणजे बसण्याचे माणशी पैसे. जपानच्या इझाकायात, म्हणजे तिथल्या दारूच्या खाणावळीत, बसल्याबसल्या न मागवलेली छोटी वाटी समोर येते, 'ओतोशी', तिचेही पैसे लागतात. फसवणूक नाही, तिथली रीत आहे.

अर्धा_कप

सामानसुमान, मीही पीत नाही आणि नवरा पितो, त्यामुळे तुमचा तिसरा प्रश्न माझा.

पहिली गोष्ट, न पिणारी बायको म्हणजे बिनपगारी ड्रायव्हर असं समीकरण होऊ देऊ नका. द्राक्षमळ्यांच्या गावांत माझं तेच झालं होतं. तो आत बसून वाइनमध्ये चामडं आणि चेरी शोधतोय, मी बाहेर गाडी लावायला सावली शोधतेय. आता आम्ही पायी जाता येईल अशीच ठिकाणं निवडतो. स्कॉटलंडला आयला बेटावर पोर्ट एलनपासून लाफ्रॉइग, लागाव्हुलिन आणि आर्डबेग हे व्हिस्कीचे तीन कारखाने एका पायवाटेने जोडलेले आहेत, एका बाजूचं अंतर साधारण पाच किलोमीटर. चालत जा, जमलं तर चालत या. गाडी असलीच तर पिणाऱ्याने चाक हातात घ्यायचंच नाही. स्कॉटलंडची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. बऱ्याच डिस्टिलऱ्या गाडी चालवणाऱ्याचा घोट छोट्या बाटलीत भरून बरोबर देतात, रात्री मुक्कामी प्यायला. जपानमध्ये तर प्यायलेल्याच्या गाडीत जाणूनबुजून बसणाऱ्यालाही शिक्षा आहे.

दुसरी गोष्ट, दारू न पिताही ती बनताना बघण्यात काय मजा आहे हे मला उशिरा कळलं. मला साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, प्यायची नसते, पण तांदूळ किती घासायचा यावर साकेचा दर्जा ठरतो हे बघायला आवडलं. गिंजो या दर्जासाठी दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरेपर्यंत, दाइगिंजोसाठी ५० टक्के किंवा कमी. बाहेरचं घासून टाकायचं आणि आतला पांढरा गाभा ठेवायचा. घासलेले दाणे तळहातावर घेतले तर मोत्यांसारखे गोल दिसतात. आंबवण्याच्या खोलीत केळ्याचा, खरबुजाचा वास येतो. तो वास माझा, पेला त्याचा. आणि तिथे आपला पेला आपण भरत नाहीत, समोरच्याचा भरायचा. त्यामुळे मी उलोंग चहा पीत असले तरी माझ्यावाचून त्याचं काही चालत नाही, हे फार सुखाचं आहे.

सोनचाफा

जपानला शाकाहारी नवरा आहे म्हणून लिहिते. "मांस नको, मासे नको" एवढ्याने भागत नाही. सूप, सॉस, भाजीचा रस्सा, सगळ्याच्या बुडाशी दाशी नावाचं सार असतं आणि ते बहुधा बोनितो माशाच्या वाळवलेल्या कापांचं. कोयासानला देवळात राहा, तिथे भिक्षूंचं शोजिन र्‍योरी मिळतं: दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाचं आणि शिताके मशरूमचं. तिळाचा 'गोमा दोफू' खाऊन बघा, टोफू म्हणतात पण त्यात सोयाबीन नसतंच, तीळ वाटून कुडझूच्या सत्त्वाने घट्ट केलेला असतो. व्हिएतनामला 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेलं शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांस सोडतात, त्या दिवशी पर्याय वाढतात.

खुशालचेंडू

इथिओपिया कुणी सोडू नका म्हणालं नाही अजून? मग मी म्हणतो. तुमच्या जोडीसाठीच बनवलेला देश आहे.

तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधीचे ५५ दिवस. उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य. म्हणून त्या दिवशी हॉटेलात शिरून 'बेयाइनेतू' मागवा: टेफ या बारीक धान्याच्या पिठाची आंबवलेली, जाळीदार, आंबटसर इंजेरा एका मोठ्या थाळीभर पसरलेली, तिच्यावर मसूर, शिरो म्हणजे भरडलेल्या डाळींचं घोटलेलं कालवण, बीट, कोबी, पालेभाजी असे ढीग. तुम्ही बाजूला मांसाचं एखादं मागवू शकता, उपवास नसलेल्या दिवशी. दोघांना एकच थाळी, उजव्या हाताने तोडून खायचं. आणि 'गुर्शा' असते: इंजेरात चांगला मोठा घास गुंडाळून समोरच्याच्या तोंडात भरवायचा. नको म्हणायचं नाही. घास मोठा तेवढं प्रेम जास्त. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी मला भरवला, तो घास नव्हता, गाठोडं होतं. डोळ्यांत पाणी आलं, तिखटामुळेही.

न पिणाऱ्या ताईंसाठी कॉफी. हिरव्या बिया समोर धुऊन लोखंडी तव्यावर भाजतात, धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकाखाली फिरवतात, मग कुटून जेबेना या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळतात. त्याच चोथ्यावर तीनदा: अबोल, तोना, बराका. प्रत्येक वेळी फिकी होत जाते. तिसरीआधी उठणं बरं दिसत नाही, तेव्हा घाईच्या दिवशी बसू नका. पिणाऱ्यांना तेज, मधाची दारू, गोल बुडाच्या चंबूतून.

घारी

आणि जॉर्जियाही तितकाच सोयीचा. अक्रोडाचं सारण भरलेली वांगी, पालेभाज्यांचे फखाली, मातीच्या भांड्यातलं राजम्याचं लोबियो. खाचापुरी, म्हणजे चीजचा पाव, घेताना इमेरुली घ्या, चीज आत असतं. अजारुली घेतली तर वर कच्चं अंडं फोडलेलं येतं. खिंकाली, मोमोसारखी सारण भरलेली पुरचुंडी, मशरूमचीही मिळते. वरच्या गाठीला धरून उलटी करायची, छोटासा चावा घेऊन आधी आतला रस ओढून घ्यायचा. गाठ खायची नाही, ताटात ठेवायची, म्हणजे कुणी किती खाल्ल्या हे लपत नाही.

नवऱ्याला काखेतीला न्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी असते. क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं मातीचं प्रचंड भांडं, आतून मधमाश्यांचं मेण लावलेलं. हिरवी द्राक्षं सालीबियांसकट त्यात महिनोन्महिने राहतात, म्हणून वाइनला गडद पिवळा, जवळपास मधाचा रंग येतो आणि चहासारखा तुरटपणा. युनेस्कोने २०१३ मध्ये ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. जॉर्जियात सापडलेल्या इ.स.पूर्व ६००० च्या सुमाराच्या खापरांवर वाइनचे अंश मिळाले आहेत, म्हणजे ते लोक हे बऱ्याच काळापासून करतायत.

घरगुती मेजवानीत एक 'तामादा' असतो, तो एकामागून एक शुभेच्छा देतो: शांततेला, गेलेल्यांना, मुलांना, पाहुण्यांना. प्रत्येकीनंतर पेला. तुम्ही पीत नाही हे यजमानांना बसायच्या आधी सांगा, मध्येच सांगितलं तर ते हळहळतात. तारखुना मागा, टॅरागॉनचं हिरवंगार सोडापेय.

फुलपाखरू

सगळे एकत्र खाण्याचे उपाय सांगतायत म्हणून मी उलटं सांगते. अधूनमधून वेगळे जेवा. आम्ही ओआहाकात असताना एक दुपार वाटून घेतली. तो मेस्काल या आगावेच्या दारूच्या पालेंकेवर, म्हणजे भट्टीवर, गेला: आगावेचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर भाजतात, एस्पादिन जातीचं झाडही तयार व्हायला सातआठ वर्षं घेतं. मी बाजारात गेले, धुराने भरलेल्या मांसाच्या गल्लीत बसून मनसोक्त जेवले, समोर कुणी नाक मुरडायला नव्हतं. संध्याकाळी दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी होतं. अवांतर: मोले हा तिथला दाट मसालेदार रस्सा शाकाहारी दिसतो पण बहुतेकदा कोंबडीच्या रश्शात कालवलेला असतो, घेवड्याच्या पिठल्यासारख्या दिसणाऱ्या फ्रिहोलेसमध्ये डुकराची चरबी. विचारल्याशिवाय नको.

निवांत

मला नाही पटत. वेगळंच जेवायचं तर मग काय राहिलं.

फुलपाखरू

रोज नाही हो, अधूनमधून. माणूस महिनोन्महिने तिन्ही त्रिकाळ एकाच चेहऱ्यासमोर जेवला की शेवटी मिठावरून भांडतो.

तिरकसराव

फुलपाखरूंना +१. मिठावरून भांडलोय.

सामानसुमान

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी आता अशी: जॉर्जिया (द्राक्षतोडणीला), तिथून पुल्या आणि एक दिवस मोडेना, मग सान सेबास्तियान, शेवटी इथिओपिया. जपान पुढच्या रजेला, स्वतंत्र. पेरू-मेक्सिकोही तेव्हा किंवा नंतर. स्कॉटलंडवरून अजून तह चालू आहे. मोठ्या रेस्टॉरंटचं आरक्षण एकच करणार, तेही दुपारचं. प्रत्येक मुक्कामी स्वयंपाकघर असलेली खोली बघतोय. वेगळ्या दुपारीची कल्पना नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त आवडली, याची नोंद घेतली आहे.

एकच शेवटचा प्रश्न: बाटल्या विमानातून कशा आणता?

पाणक्या

चेक-इन सामानात. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल, म्हणजे सगळ्या साध्या वाइन, तर विमान सुरक्षेची मर्यादा नाही. २४ ते ७० टक्क्यांपर्यंत माणशी ५ लिटर, दुकानाच्या सीलबंद बाटलीत. ७० च्या वर अजिबात नाही. कस्टमची मर्यादा देशोदेशी वेगळी, ती उतरायच्या देशाची बघा. बाटलीला मोजे घाला, मग जाड कपड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध, कडेला नको.

घारी

आणि काखेतीतला यजमान निघताना हमखास घरची 'चाचा' पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून हातात देतो. द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू, किती टक्के ते त्यालाही माहीत नसतं. सील नाही, लेबल नाही, विमानात चालणार नाही. घ्या, आभार माना, आणि मुक्कामाच्या शेवटच्या रात्री खाणावळीच्या मालकाला देऊन टाका.

तिरकसराव

तो ती पुढच्या पाहुण्याला देईल. मला वाटतं ती एकच बाटली आहे, सगळ्या काखेतीत फिरते.